हे धरायचं नाही

प्राध्यापक वामनराव गावंडे वर्गात इंग्रजीतून शिकवीत आणि प्रयोगाच्या टेबलाशी आले की वऱ्हाडीवर येत. याचे कारण एकदा एका पाहुण्याने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "शिकलेल्या भाषेत माणूस शिकलेलंच सांगते. मले त्याले दिसलेलं पायजे."

सीताबर्डीच्या टेकडीखालच्या आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकवीत. मानसशास्त्राच्या वाट्याला एकच खोली होती. तिच्यातले मुख्य उपकरण म्हणजे महाल भागातल्या सुताराकडून करवून घेतलेली एक लाकडी पेटी. पेटीला पुढे भिंगे बसवलेली दोन भोके आणि आत मधोमध उभी फळी. म्हणजे डाव्या डोळ्याला डावीकडचाच कागद दिसावा, उजव्याला उजवीकडचाच. एका कागदावर तांबड्या उभ्या रेघा होत्या, दुसऱ्यावर हिरव्या आडव्या. मी पहिल्यांदा डोकावलो, तेव्हा शाळेत शिकलेले रंगांचे मिश्रण आठवून, तपकिरी जाळी दिसते असे सांगून मोकळा झालो. गावंडे सर टिपण घेणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणाले, "हे धरायचं नाही." मग माझ्याकडे वळले. "तुले माहीत हाये ते मी विचारलं काय गा? दिसून राहिलं ते सांग."

मी पुन्हा पाहिले. थोडा वेळ फक्त तांबड्या रेघा होत्या. मग त्या एका कडेकडून विरत गेल्या आणि सगळीकडे हिरव्या पसरल्या. काही वेळाने पुन्हा तांबड्या आल्या. कागद जागचे हलले नव्हते, डोळे उघडे होते, उजेडही तोच होता. मग बदलले ते काय? या एका प्रश्नापायी सरांनी नोकरीची सारी वर्षे त्या खोलीत काढली. पुढे टिपण घेण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी शाळेत मास्तर झाल्यावरही रविवारी त्यांच्या घरी जात राहिलो.

घरी त्यांचे प्रयोग पत्नीवर, म्हणजे गिरजाकाकूंवर चालत. डोळ्याच्या पडद्यावर जिथून नस मेंदूकडे निघते, तेवढ्या जागी कोणालाच दिसत नाही. आणि आपल्याला असा आंधळा ठिपका आहे याचा आपल्याला पत्ताही नसतो. हे दाखवण्यासाठी सरांनी एकदा कागदावर एक फुली काढली आणि तिच्या उजवीकडे काकूंच्याच करंड्यातल्या कुंकवाचा ठिपका दिला. डावा डोळा झाकून फुलीकडे पाहत काकूंनी कागद हळूहळू जवळ आणला, आणि ठिपका नाहीसा झाला. काकूंनी कागद खाली ठेवला. "कुंकू पुसाचेच खेळ सुचते काय तुमाले?" पुढच्या रविवारपासून तो ठिपका शाईचा झाला. विज्ञानाने माघार घेतल्याचा हा एकच प्रसंग मला ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर सरांच्या मेंदूला झटका आला. हातपाय आणि वाचा शाबूत राहिली. पण दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याची डावी बाजू दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, इजा मागे मेंदूत आहे. काकूंनी नवस केला: डावीकडचे दिसते असे यांच्या तोंडून ऐकेपर्यंत आपण अळणी जेवू. होता होता त्या वाळत चालल्या. त्यातच एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. गल्लीत डावीकडून गाय आली की सर बाजूला होत. दाराची डावी चौकट त्यांना लागत नसे. काकू म्हणत, यांना दिसते, पण कबूल करत नाहीत. शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. सर शांतपणे सांगत, "मले दिसून नाही राहिलं."

शेवटी त्यांनी मला परीक्षा घ्यायला लावली. त्यांनी नजर समोरच्या खिळ्यावर ठेवायची आणि मी डाव्या बाजूला, कधी वर तर कधी खाली, पांढरी पट्टी धरायची. दिसते का, असे विचारले की उत्तर दर वेळी नाही असे येई. मग ते म्हणाले, "आता मी अंदाजानं बोट दाखवतो. तू बरोबर-चूक सांग." बोट जवळजवळ प्रत्येक वेळी पट्टीकडेच गेले. सरांचा चेहरा उजळला. "पाय गा, डोळ्याचं काम चालू हाये. मालकाले खबर नाही."

इतक्यात काकू पाणी घेऊन आल्या आणि मुद्दामच सरांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. सरांची नजर खिळ्यावरच होती. त्यांचा हात डावीकडे गेला आणि त्यांनी पेला नीट धरून घेतला. काकूंनी विचारले, "दिसला ना गिलास?"

काकूंच्या हातातल्या बांगड्या पार कोपराकडे सरकल्या होत्या. त्या सरांच्या डाव्या बाजूला होत्या, मला दिसत होत्या. मग सर म्हणाले, "दिसला वं."

काकू आत गेल्या. मिठाच्या बरणीचे झाकण वाजले. सर माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, हे धरायचं नाही."

पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला बसवून घेतले आणि विचारले की, त्या दिवशी पेला त्यांना दिसला होता का. मी घुटमळलो. काकू म्हणाल्या, "तुमाले माहीत हाये ते मी नाही विचारून राहिली. तुमी पायलं ते सांगा."

मी म्हणालो, "काकू, त्यांनी तुमच्याकडे हात केला आणि पेला घेतला. एवढं मी पाहिलं."

त्यांनी मान हलवली. "मंग झालं," म्हणाल्या, आणि माझे ताट वाढायला उठल्या.