दांडा वळेल त्याने वाढायचं

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीतल्या मुलांना खिचडी वाढत होते. पलीकडून जयेश बोलत होता, माझ्या थोरल्या भावाचा धाकटा मुलगा. "आत्या, आई गेली…" एवढंच म्हणाला. सकाळी खळ्यात भात झोडताना रमिलाच्या छातीत कळ आली आणि झरीहून तलासरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पळी खाली ठेवली नाही. उरलेल्या मुलांना वाढलं, सगळी जेवायला लागली तेव्हा भिंतीला टेकून बसले आणि मग रडले. रमिलाच्या घरी रीतच तशी होती. वाढायला घेतलं की अर्ध्यात सोडायचं नाही.

नात्याने ती माझी वहिनी, पण वयाने माझ्याच बरोबरीची, त्यामुळे मी तिला नावानेच हाक मारायचे आणि ती मला 'बाय' म्हणायची. माहेरी, झरीला पोहोचले तर अंगणात बायका बसलेल्या. जिच्या तिच्या तोंडी एकच, "बिचारी गं, बिचारी." मला तेव्हाच राग आला होता आणि आज इतके आठवडे झाले तरी तो गेलेला नाही. बिचारी कशाची? तिला बिचारी म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या बायका तिच्या पाठीमागे म्हणायच्या, की हिने पोरांच्या बाया करून ठेवल्या. कारण एकच. तिचे मुलगे स्वयंपाक करायचे, वाढायचे, भांडी घासायचे, आणि हे सगळं उघड्या ओटीवर, येणाऱ्या जाणाऱ्याच्या देखत. त्या बायकांना मी काय बोलू? सगळ्यात आधी हे म्हणणारी मीच होते. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, मग आम्ही मुली, आणि सगळ्यांत शेवटी आई. कोणी ठरवलं होतं असं नाही, पण घरोघर तेच होतं. रमिला लग्न होऊन वेवजीहून आली तीही पहिली काही वर्षं तशीच जेवली. वेवजी अगदी गुजरातच्या हद्दीला लागून, त्यामुळे तिच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी 'ने' यायचं आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. ती चिडायची नाही. तिचा थोरला निलेश पाच वर्षांचा आणि जयेश तीनचा झाला तेव्हा एका संध्याकाळी निलेशने बसल्या जागेवरून आईला ओरडून सांगितलं, "ए, पाणी आण!" अगदी बापाच्या आवाजात. दादा हसला, माझी आई हसली. रमिलाने पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने डवला काढला.

डवला म्हणजे नारळाच्या करवंटीला बांबूचा दांडा बसवलेली आमच्याकडची पळी. भात, डाळ सगळं तिनेच वाढायचं. रमिलाने टोप मध्ये ठेवले, सगळ्यांना भोवती गोल बसवलं, करवंटीची पाठ सारवलेल्या जमिनीवर टेकवली आणि डवला भोवऱ्यासारखा फिरवला. दांडा ज्याच्याकडे वळेल त्याच्यावर राज्य. त्याने सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी जेवायचं, पण टोपाच्या तळाची खरवडही त्याचीच. शिवाय दुसऱ्यांदा डाळ हवी असेल तर त्या दिवशी केलेली एक खोडी वाढणाऱ्याला सांगायची, नाही तर डाळ नाही. मुलांना आणखी काय हवं? त्या खमंग खरवडीसाठी दोघे दांडा आपल्याकडे वळावा म्हणून फुंकर मारायचे. कोणी कोणाच्या झाडावरच्या कैऱ्या पाडल्या, कोणी शाळेला जातो सांगून नदीवर गेलं, सगळं डाळीच्या दुसऱ्या डवल्याला बाहेर यायचं. दादाला सुद्धा सुट्टी नव्हती. एकदा त्याने मान खाली घालून ताडी प्यायल्याचं कबूल केलं तेव्हा चार वर्षांच्या जयेशने न्यायाधीशासारखा विचार करून त्याला अर्धाच डवला डाळ वाढली. दादा तर खेळात कधी रमला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

आईला मात्र हे मुळीच पटलं नाही. तिने मला निरोप धाडला, मी सासरहून, आशागडहून गेले, आणि आम्ही दोघींनी मिळून रमिलाला बोल लावले. मुलगे आहेत, उद्या लोक हसतील, कोण पोरगी देईल यांना? ती ऐकून घेत होती आणि उडीद पाखडत होती. त्या संध्याकाळी आईने डवला भाताच्या कणगीत लपवला. रमिलाने शोधलाच नाही. टोप मध्ये ठेवले, आपली जागा घेतली आणि म्हणाली, "डवला मिळाला की जेवू ने." सगळे भुकेले बसलेले. मुलांनी घर उलटंपालटं केलं. शेवटी आईनेच उठून तो कणगीतून काढला आणि रागाने जमिनीवर आदळला. रमिलाने उचलला, पुसला, फिरवला. दांडा निलेशकडे वळला. त्याने पहिला भात आपल्या आजीला वाढला. आईने घास उचलला आणि झटकन हात मागे घेतला. बोटं भाजली होती. बोटांकडे बघत ती म्हणाली, "भात एवढा ऊन असतोय?" चाळीस वर्षं त्या घरात भात शिजवलेली बाई हे विचारत होती. त्या दिवसानंतर तिने रमिलाला डवल्यावरून एकदाही बोल लावला नाही. मी मात्र त्यातून काहीच शिकले नाही.

मग तो दिवस आला ज्याची मला आजही लाज वाटते. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटपल्यावर आम्ही दोघं, मी आणि आमचे हे, झरीला गेलो. हे डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला होते, सासुरवाडीला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. जावई म्हणून यांना पाटावर बसवलं. मला वाटलं, आज तरी डवला फिरणार नाही. फिरला. सगळ्यांच्या देखत दांडा यांच्याकडे वळला. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे फुवा म्हणतात; मुलांनी टाळ्या पिटल्या, "फुवांवर राज्य! फुवांवर राज्य!" यांचा चेहरा पडला. आमच्याकडे जावयाने सासऱ्याच्या घरी पाण्याचा तांब्या उचलला तरी गावभर होतं, आणि इथे डवला हातात घ्यायचा? मी रमिलाकडे पाहिलं. ती "परत फिरवू" म्हणेल, "पाहुण्यांना सोडू" म्हणेल, याची वाट बघत होते. तिने भाताच्या टोपावरचं झाकण काढलं. हे उठले, चपला घातल्या आणि नाक्याकडे चालू लागले. मीही उठले, यांच्या मागे गेले. मागून जयेशचा आवाज येत होता, "आत्या, भात…"

दोन वर्षं मी माहेरी गेले नाही. रमिला माफी मागेल तेव्हा जाईन म्हणाले. तिने मागितली नाही. माझा रोहन तेव्हा लहान होता. त्याला मी हट्टाने राजासारखा वाढवला. ताट त्याच्या पुढ्यात, पाणी त्याच्या हातात, उष्टं ताट मी उचलायचे. रमिलाला दाखवून द्यायचं होतं ना, मुलगा कसा वाढवतात ते! अंगणवाडीत आयांना बसवून बाळाला काय खाऊ घालायचं हे मी सांगत होते. घरी कोण कोणाला वाढतंय, हे मला दिसतच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. दवाखान्यातून घरी आले ती उठता येत नव्हतं अशी. यांनी दोन दिवस स्टेशनाजवळून वडापाव आणला. तिसऱ्या दिवशी दारात निलेश उभा. दहावीत होता, पाठीवर दप्तर, हातात तांदळाची पिशवी. कोणी बोलावलं नव्हतं. सहा दिवस राहिला. सकाळी पेज करायचा, माझे कपडे धुवायचा, रोहनला आंघोळ घालायचा आणि मग शाळेची पुस्तकं घेऊन ओट्यावर बसायचा. तोंडावर आलेल्या परीक्षेचं त्याने नावही काढलं नाही. हे दाराशी उभे राहून बघायचे. शेवटच्या दिवशी निलेश निघाला तेव्हा यांनी त्याला बसपर्यंत सोडलं, आणि त्याची पिशवी यांच्या हातात होती.

बरी झाल्यावर मी एकटीच झरीला गेले. ओटीवर बसून सरळ विचारलं, "माझ्या माणसाचा अपमान झाला, तू माफी का मागितली नाहीस?" रमिला शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी हाताने वळवला असता तर मागितली असती ने, बाय. डवला वळला तसा वळला. आज जावयाला सोडलं की उद्या पोरगे म्हणतील, आम्हाला पण सोडा. मग परवा काय ऱ्हायलं? परत मी नि तुझी आय." मी म्हणाले, "पण नातं तुटलं असतं." ती म्हणाली, "तुटलं नाय ने. आली ना तू?" आणि शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं.

ती गोड बाई होती असं मी लिहिणार नाही. ती हेकट होती. अंगात ताप असताना दांडा तिच्याकडे वळला तर मुलं "आई, परत फिरव" म्हणून गयावया करायची, आणि ही बसल्या बसल्या वाढायची. मुलं मोठी झाली तशी स्वयंपाक आणि भांडीही दांड्यावरच ठरायची, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीही ती चुकली नाहीत. निलेशच्या लग्नाच्या वेळी एका घरच्या माणसांनी मुलगा भाकऱ्या थापतो हे बघून बोलणी मोडली, तेव्हा सगळ्या भावकीने तिला दोष दिला आणि ती म्हणाली, "बरं झालं, त्या घरची पोर तिथनं सुटली नाय, पण माझा पोर वाचला." तिला कोणी हलवू शकलं नाही. आता लोक म्हणतात, एवढा हट्ट कशाला करायचा? मी म्हणते, तेवढा केला म्हणून काही उरलं. माझा रोहन आज वापीला चांगल्या नोकरीवर आहे आणि बसल्या जागेवरून बायकोकडे पाणी मागतो. ती मुकाट्याने आणून देते. यात तिचा दोष नाही आणि त्याचाही फारसा नाही. मी वाढवला तो असा.

बाराव्याला झरीला सगळे जमले, आमचे हेही आले. मनात एकच भीती होती. रमिला गेली, आता तिची रीतही तिच्याबरोबर जाणार. जेवण तयार झालं आणि झालंही तसंच. भावकीतले थोरले काका ओटीवर येऊन म्हणाले, "चला, बाप्ये बसून घ्या. बाया मागून बसतील." पुरुष उठले. बायका सवयीने चुलीकडे सरकल्या. निलेशची बायकोही सरकली. मीसुद्धा एक पाऊल मागे घेतलं होतं…

तेवढ्यात निलेश आत गेला आणि खिळ्यावरचा डवला घेऊन आला. बांबू हाताने घासून काळा पडलेला, करवंटीच्या कडेला चीर. काका म्हणाले, "अरे, दुखवट्याच्या घरात खेळ कसला करतोस?" निलेश म्हणाला, "खेळ नाय काका, आमच्या घरची रीत हाय. आत्या, बस. सगळ्या बसा." जयेशने टोप मध्ये आणून ठेवले. दादा, माझा भाऊ, ज्याने त्या बारा दिवसांत तोंडातून शब्द काढला नव्हता, तो पहिला येऊन बसला आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून सुनेला म्हणाला, "ये." काका तणतणत अंगणात गेले. दोघे तिघे त्यांच्यामागे गेले. बाकीचे बसले. निलेशने डवला जमिनीवर टेकवला. फिरवणार, एवढ्यात आमच्या यांनी हात पुढे करून तो धरला.

"फिरवू नको," हे म्हणाले. "माझ्यावरचं राज्य बाकी आहे."

यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि वाढायला घेतलं. बायकांपासून सुरुवात केली. डवला कसा धरायचा ते कळत नव्हतं, अर्धी डाळ पानाबाहेर जात होती, जयेशच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसतही होता. माझ्या ताटात भात पडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी वाढलेला तो पहिला भात. मी घाईने घास घेतला आणि बोटं भाजली. दुसऱ्यांदा डाळ मागितली तर हे थांबले. नियम यांनाही पाठ होता. मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्या मागे उठायला नको होतं. जेवायला बसायला हवं होतं." यांनी डवला भरून डाळ वाढली आणि पुढे गेले. सगळ्यांचं झाल्यावर हे एकटे जेवायला बसले, तेव्हा निलेशने टोप खरवडून तळाची खरवड यांच्या ताटात घातली.

निघताना जयेशने मला नवा डवला दिला. करवंटी डहाणूच्या बाजारातून आणलेल्या नारळाची, बांबू घरच्या बेटातला, त्याने स्वतः घासून गुळगुळीत केलेला. तो आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर आहे. रोज संध्याकाळी आम्ही दोघंच असतो, तरी फिरवतो. शेजारीण बघून हसते, हसू दे. येत्या रविवारी रोहन आणि सून येणार आहेत. यांनी विचारलं, त्याच्याकडे दांडा वळला आणि तो उठून गेला तर? मी सांगितलं, मी त्याच्या मागे जाणार नाही. भात झाकून ठेवीन, त्याचं राज्य बाकी ठेवीन, आणि सुनेला ऊन ऊन वाढायला सांगीन तुम्हाला.