टेकाडावरचं बटण

ओल्या मातीचा वास आला की उमरग्याकडचं ते टेकाड आठवतं. रझाकारांची धामधूम नुकतीच संपली होती आणि मी तिथं हजारो वर्षांपूर्वीची वस्ती खणत होतो. थर उठून दिसावेत म्हणून खड्ड्याच्या भिंतीवर पाणी शिंपडलं, तर हाड दिसलं. हरखून ब्रश फिरवला आणि शेजारून शर्टाचं बटण निघालं. मजुरांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "बुजवा साहेब. आमीच पुरलाय. तुमाला पानी आनती ना, तिचा ल्योक. तिला वाटतंय, सोलापूरकडं पळून गेला." आम्ही बुजवलं. दुपारी ती घागर घेऊन आली. रोजच्यासारखं विचारलं, "आज काय गावलं?" "खापरं," म्हणत मी ओंजळ पुढं केली. नंतर कितीतरी टेकाडं खणली. त्या गावाकडं मात्र पुन्हा फिरकलो नाही.