मशीन मला, डबा दादाला

आमच्या दुकानाची हार्ड डिस्क गेली ती ऐन लग्नसराईत, आणि काही न सांगता न सवरता गेली. सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. कर्जतच्या बाजारात मी लग्नपत्रिका जुळवतो. फार्महाऊसच्या पाट्या, हॉटेलांची मेनूकार्डं, नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हेही करतो, पण पोट पत्रिकांवर. त्यामुळे दुरुस्तीवाला येईपर्यंत त्या मशीनला मी जे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुरुस्तीवाल्याने डिस्क बाहेर काढली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "काका, ही गेली." मग वर विचारतो, "बॅकअप आहे ना?" मी म्हटलं, आहे. तो जरा हिरमुसला. जुन्या फायली मी अधूनमधून पेनड्राइव्हवर टाकून ठेवतो, तेवढी अक्कल मला आहे. त्याने नवी डिस्क बसवली, माझं पत्रिकांचं जुनं मराठी सॉफ्टवेअरही स्वतःजवळच्या कॉपीतून चढवून दिलं. मी हात चोळत खुर्चीत बसलो, तर पडद्यावर एक चौकोन: लायसन्स की द्या. ती दिल्याशिवाय पुढे काही उघडेना.

ती माझ्याकडे नव्हती. ती दादाकडे होती, खोपोलीला. आणि दादाशी मी कैक वर्षं बोलत नव्हतो.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. हे दुकान आधी आम्हा दोघांचं होतं. त्याला फ्लेक्सचं मशीन घ्यायचं होतं, मला नको होतं, यावरून इतकं पेटलं की शेवटी मामाला मध्ये घालून वाटणी केली. मामा आयुष्यभर भाताची खाचरं वाटत आलेला माणूस. त्याने दुकानही तसंच वाटलं. कटिंग मशीन याला, तर लॅमिनेशन त्याला. मोठं टेबल याला, तर दोन स्टुलं त्याला. मग आला कॉम्प्युटर. तो माझ्याकडे गेला. त्याच्याशेजारी सॉफ्टवेअरचा डबा होता, आत सीडी आणि की छापलेला कागद चिकटवलेला. मामाने डबा उचलून बघितला, चांगला जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. म्हणाला, "याला मशीन गेलं ना? मंग डबा त्याला." दुसऱ्याला दोन वस्तू जात नाहीत ना, एवढ्याकडेच दोघांचं लक्ष होतं. एकाला म्हैस आणि दुसऱ्याला दावं द्यावं तशी ही वाटणी झाली, आणि आम्ही दोन शिकलेल्या गाढवांनी तिला माना डोलावल्या.

एवढ्यावर अबोला झाला नव्हता, तो नंतर झाला. दादाने खोपोलीला नवं दुकान टाकलं आणि उद्घाटनाची पत्रिका मला रिक्षावाल्याच्या हाती पाठवली. आता मला सांगा, मी पत्रिकेच्या धंद्यातला माणूस. घरी येऊन, हातात अक्षता देऊन बोलावायचं कुणाला आणि पत्रिका धाडायची कुणाला, हे मी गिऱ्हाइकांना शिकवतो. मी गेलो नाही. त्याचं म्हणणं असं ऐकलं, की भावाच्या दुकानाला भावाला पत्रिका लागते का? मग पाठवली कशाला? असो. मी आजही म्हणतो, माझं बरोबर होतं.

तर की दादाकडे. कंपनीला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच फोन करायला सांगा, म्हणाल्या. बिल दादाच्या नावावर.

गिऱ्हाइकांचं मी कसंही निभावलं असतं. अडचण होती माझ्या मुलीची. तिचं लग्न ठरलं होतं, आठवड्याभरात पत्रिका छापून वाटायला काढायच्या होत्या, आणि तिची पत्रिका त्या पेनड्राइव्हवर होती. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नवी करा, असं मला घरच्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. हॅट्! आयुष्यभर लोकांच्या पोरींच्या पत्रिका जुळवल्या. माझ्या पोरीच्या पत्रिकेची एकेक वेलांटी मी महिनाभर बसून हाताने वळवली होती. ती टाकून तयार अक्षरात दुसरी करू?

आणि त्या पत्रिकेत आणखी एक भानगड होती. खाली 'आपले विनीत' म्हणून घरच्यांची नावं येतात, त्यात थोरल्याचं नाव आधी. त्या ओळीवरून माझ्या टेबलापाशी भाऊ-भाऊ उठून गेलेले मी पाहिलेत. कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस मांडवात पाऊल ठेवत नाही. मुलगी म्हणाली होती, "मोठे बाबा लग्नाला नसतील तर मी बोहल्यावर रडेन, मग बघा." म्हणून मी दादाचं नाव घातलं. मग तो रिक्षावाला आठवला, काढलं. मुलीचं तोंड बघून परत घातलं. परत काढलं. असं किती वेळा झालं देव जाणे. नाव नाही म्हणजे दादा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही माझं काही ठरत नव्हतं. काही ठरायच्या आत डिस्कनेच राम म्हटलं.

दादाशी बोलायचं म्हणजे आईमार्फत. आई कडावला आमच्या जुन्या घरी राहते. आम्हा दोघांचं काय हवं-नको ते तिच्या फोनवरून जातं-येतं. मी फोन लावला.

"आये, त्याला सांग, सॉफ्टवेअरच्या डब्यात नंबर छापलाय तो पाहिजे."

"कुनाला सांगू?"

"त्याला गं."

"त्याला म्हंजी कुनाला? नातं नाय का त्याला काय?"

"दादाला सांग."

"आता कसा बोल्लास," म्हणाली आणि फोन ठेवला.

तासाभराने तिचाच फोन. इंग्रजी अक्षर तिला येत नाही, म्हणून दादाने आकार सांगितले होते आणि तिने ते ध्यानात ठेवले होते. "लिवून घे रं. पयली शिडी. मंग म्हशीची शिंगं. मंग कोयता. मंग अंडं."

"आये, अंडं म्हणजे शून्य की ओ?"

"अंडं म्हंजी अंडं. आता काय फोडून बघू?"

पुढे कोयत्यांची गर्दी झाली आणि माझी सातावर आणि एलवर गाडी अडकली. मी म्हटलं, जाऊ दे, दादाला म्हणावं फोटो काढून तुला पाठव आणि तू तो मला पाठव. त्यावर ती म्हणाली, "मला नाय जमत त्ये फोटूबिटू." ही तीच बाई, जी रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि समई घालून शुभ सकाळ अख्ख्या गोतावळ्याला पाठवते, मुंबईच्या व्याह्यांनासुद्धा. मी तसं म्हणालोही. "ती फुलं येगली," ती म्हणाली. "माज्याच्यानं हुईत नाय. मी त्याला सांगितलंय. तो डबा घिऊन येतोय तुज्या दुकानात, दुपारचा. च्या ठेव." आणि परत फोन बंद.

मला काही बोलायची सोयच ठेवली नाही म्हातारीने.

दुपारी दादा मोटारसायकलवरून आला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. त्याचे फोटो मी बघत होतो, पण फोटोत माणूस पोट आत घेतो. तो पायरीवर थांबला, दुकान वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. मी चहा सांगितला. दोघंही रस्त्यावरच्या टेंपोकडे बघत चहा प्यालो. मग त्याने पिशवीतून लाल फडक्यात गुंडाळलेला डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

मी फडकं सोडलं आणि थक्क झालो. डब्यावर हळदीकुंकवाचे थर. तांदळाचे दाणे चिकटलेले. झेंडूच्या पाकळ्या वाळून पुठ्ठ्याला बसलेल्या. आत की छापलेला कागद, त्यावरही कुंकवाची पाच बोटं.

"हे काय रं?" हा माझा इतक्या वर्षांतला पहिला शब्द.

"दसऱ्याची पूजा," दादा म्हणाला.

"डब्याची?"

"मशीन तुझ्याकडं. मग कशाची करू? फ्लेक्सचं मशीन तर भाड्याचं हाय."

"पण आत? आतल्या कागदाला कशाला?"

"सीडीला लावलं, मग त्यालाच काय म्हणून सोडायचं?"

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. विळा, नांगर, टेंपो, ज्याचं जे असेल ते. हत्याराचा नुसता डबा पुजणारा माणूस मात्र मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझा भाऊ निघाला. मला हसू आलं. मी ओल्या फडक्याने कागद पुसायला गेलो तर तो खेकसला, "पुसू नको, अक्षर जाईल." हा आवाज मला लहानपणापासून पाठ होता.

मग आम्ही दोघं त्या कागदावर वाकलो. उन्हाकडे धर, तिरका कर, माझा चष्मा घे, तुझा दे. एक अक्षर आठ की बी, यावरून अगदी जुन्या पद्धतीने भांडण झालं. तो म्हणे आठ, मी म्हणे बी. मी माझं टाकलं, चौकोन लाल झाला. त्याचं टाकलं, तरीही लाल. मग त्याने कुंकवाचा एक पापुद्रा नखाने अलगद उचलला आणि खाली आणखी एक अक्षर निघालं, जे आम्ही दोघांनी पाच बोटांतलं एक बोट समजून सोडून दिलं होतं. ते टाकलं. चौकोन गेला आणि सॉफ्टवेअर उघडलं.

"हाऽऽ!" आम्ही एकदम ओरडलो. चहावाला डोकावून गेला. दादाने माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा घसरला.

"आता एखादी फाइल उघडून बघ," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह चालतोय का बघू दे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पेनड्राइव्हवर पत्रिकेची कुठली प्रत गेली होती? नाव घातलेली की काढलेली? मी खूप आठवून बघितलं, आठवेना. कुणा गिऱ्हाइकाची फाइल उघडावी म्हणून यादी खाली सरकवायला लागलो. पण सगळ्यात वर मुलीचं नाव होतं आणि ते दादाने वाचलं.

"आपल्या पोरीची का? उघड की."

"तिचं अजून व्हायचंय... कच्ची आहे."

"कच्ची तर कच्ची. मीच केल्या होत्या ना तुझ्या नि माझ्या लग्नाच्या पत्रिका? उघड."

उघडली. गणपती आला, कुलदेवता आली, माझ्या त्या वळवलेल्या वेलांट्या आल्या. दादा खुर्ची पुढे ओढून वाचायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे न बघता पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होतो. 'आपले विनीत' आलं. त्याखाली माझं नाव. त्याखाली माझ्या बायकोचं. आणि मग पंगतीची वेळ.

दादा तिथे थांबला. 'आपले विनीत'पासून परत वाचलं.

"दादा, दुसरी एक होती," मी म्हणालो. "तिच्यात होतं. खरंच होतं. मी घातलं होतं, मग..."

"डिस्कवर ऱ्हायली असंल," तो म्हणाला. तो टोमणा होता की मला सावरून घेत होता, मला कळलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा उठणार, डबा काखेत मारणार, मोटारसायकल चालू करणार. जाणारच. मी त्याच्या जागी असतो तर उठलो असतो.

तो उठला नाही. त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. न विचारता. माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी केली आणि दोन बोटांनी, इतक्या वर्षांत विसरलेली अक्षरं शोधत शोधत, स्वतःचं नाव टाइप केलं. मग ते निवडून आकार एका नंबरने बारीक केला.

"वर घे की," मी म्हणालो. "थोरला आहेस."

"बाप तू हायस तिचा," तो म्हणाला. "वर तूच." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "मी येनारच होतो रं. नाव नसतं तरी आलो असतो. मागं बसलो असतो."

फाइल बंद करायला गेला तेव्हा मशीनने विचारलं, बदल ठेवायचे का? माऊस त्याच्या हातात होता, पण तो दाबेना.

"तुझं दुकान हाय," तो म्हणाला. "तू सांग."

"ठेव," मी म्हणालो. एवढंच आलं तोंडातून, आणि मग भर दुपारी, उघड्या दुकानात, बाजारातली माणसं जात-येत असताना, मला रडू आवरेना.