दुसऱ्या वेळचं उत्तर

"हे मेंढरं मोजायचं काम नाही, बाई. घरी बसून फॉर्म भरलेत तुम्ही."

शिरूरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, फॉर्म भरणाऱ्या आम्हा सगळ्यांसमोर, पाहणीचे प्रमुख सर मला असं म्हणाले. पडद्यावर माझेच फॉर्म लावले होते. पुण्याहून आलेल्या दोन मुलींनी माना खाली घातल्या. लाजेनं नाही, हसू लपवायला. माझे वडील भीमेच्या काठानं मेंढ्या घेऊन फिरायचे, हे मीच एकदा चहा पिताना भोळेपणानं सरांना सांगितलं होतं. ते त्यांनी बरोबर जपून ठेवलं होतं.

मेंढरं मोजणं म्हणजे काय, हे सरांना कुठं ठाऊक? माझे वडील, आमचे आबा, आकडे घोकत नसत. कळपावरून नजर फिरवली की कोणती मेंढी मागं राहिली ते सांगायचे. पण तेव्हा मी नुसती मान खाली घातली. शिकलेल्या माणसापुढं मान खाली घालायची, हे आमच्या घरातलं जुनं वळण. मी बारावी झाले तरी ते गेलं नव्हतं.

काम असं होतं. मनाचा आजार ओळखायची एक प्रश्नावली, इंग्रजीतून मराठीत आणलेली. झोप लागते का, भूक लागते का, जीव नकोसा होतो का. ती आपल्याकडच्या बायांना लागू पडते का, हे तपासायचं. त्यासाठी एकाच बाईला पंधरा दिवसांच्या अंतरानं तेच प्रश्न दोनदा विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. दौंड तालुक्यातली काही गावं माझ्याकडे होती.

तिथल्या एका बाईची उत्तरं अजिबात जुळली नाहीत. पडद्यावर लावले होते ते तिचेच दोन फॉर्म. तिचा नवरा रांजणगावला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहतो. पहिल्या वेळी मी तिच्या घरी गेले तेव्हा सासूनं चटई टाकली, चहा दिला आणि शेजारीच मांडी घालून बसली. सून प्रत्येक प्रश्नाला "बरं हाय सगळं" म्हणत गेली. मी लिहीत गेले.

दुसऱ्या वेळी ती कांदे काढायला गेली होती. मी रानात तिच्याशेजारी बसले, तिच्याबरोबर हात चालवत विचारलं. पहिल्या जागीच विचारायचं, असा नियम होता. तो मी मोडला, ती चूक माझीच. शेवटचा प्रश्न होता, मरून जावंसं वाटतं का. हातातला कांदा खाली न ठेवता ती म्हणाली, "रोज."

मागं तर नाही म्हणाली होतीस, असं मी विचारलं.

"तवा सासूबाई व्हत्या. आन् दारात आलेल्या पाव्हण्याला कुणी असलं सांगतं व्हय?"

असं उत्तर आलं की त्याच दिवशी सरांना कळवायचं, मग ते डॉक्टरसाठी चिठ्ठी देणार, अशी पद्धत होती. मी लगेच कळवलं. आठ दिवस गेले तरी चिठ्ठी नाही. विचारलं तर म्हणाले, आधी तुमचा फॉर्म खरा आहे का ते बघू.

आणि आता हॉलमध्ये त्यांनी माझ्यापुढं कोरा फॉर्म सरकवला. पहिली उत्तरं बघून दुसरा फॉर्म नव्यानं भरा, जुना फाडून टाकू, अहवाल पाठवायचाय. ज्यांचे ज्यांचे जुळत नव्हते त्या सगळ्यांना हेच सांगितलं. दोघी-तिघींनी लिहायला घेतलंही.

सांगायला लाज वाटते, पण मीही पेन घेतलं. झोप लागते. भूक लागते. दोन खोट्या खुणा मी माझ्या हातानं केल्या. शेवटच्या प्रश्नापाशी हात थांबला. ही खूण केली की ती बाई कागदावर बरी होणार. मग चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. उद्या तिनं विहीर जवळ केली तर आमच्याकडं लेखी असणार, बरं हाय सगळं. मला संताप आला. सरांचा नंतर, आधी माझा स्वतःचा.

"मी न्हाई भरणार," मी म्हणाले. त्या हॉलमध्ये इतके दिवस मी जपून पुस्तकी बोलत होते. "घरी बसून म्या एक बी फॉर्म भरला न्हाई. हितं बसवून तुम्हीच भरून घेताय."

सर म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी त्यांच्यासमोर तो अर्धा भरलेला फॉर्म फाडला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मीच तिला दौंडला डॉक्टरकडे नेलं. सासूला कंबरदुखी सांगितली. गोळ्या चालू झाल्यात. तिला बरं वाटतंय का, ते अजून नक्की सांगता येत नाही. विचारायचं असलं की मी रानात जाते.

अहवाल तयार झालाय म्हणे. त्याच हॉलमध्ये लोकांना बोलावून वाचून दाखवणार आहेत. मला बोलावणं नाही, तरी मी जाणार आहे. प्रश्नावली भरवशाची निघाली असं सर म्हणतील, तेव्हा मी उभी राहणार आणि विचारणार, दुसऱ्या वेळचे फॉर्म कुठं बसून भरले. ज्यांनी ते भरले त्याही तिथंच असतील. उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.