हॅपी कोड देणार नाही

वॉशिंग मशीन आमच्या घरात हौसेखातर आलं नाही. सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्या दिवसापासून रोज दोन, कधी तीन चादरी धुवाव्या लागायला लागल्या. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. कारखान्याची बस सव्वासहाला रस्त्यावर येते. त्याआधी विहिरीवर चादरी आपटायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या आणि मग धावायचं. साबणाने माझी बोटं इतकी सोलवटली की कारखान्यातले रबरी हातमोजे चढवताना डोळ्यांत पाणी यायचं.

नवरा पेडणे-पणजी मार्गावर खाजगी बस चालवतो. एका संध्याकाळी त्याने माझे हात बघितले आणि पुढच्या आठवड्यात पणजीच्या दुकानातून मशीन बुक करून आला. समोर काचेचं गोल दार असलेलं. सासऱ्यांच्या खोलीला लागूनच न्हाणी, तिथे ते बसवलं. सासरे डिचोलीच्या खाणीवर आयुष्यभर फिटर होते. झटक्यानंतर त्यांना दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नसे, पण मशीन सुरू झालं की मान वळवून ऐकत राहायचे. इतर वेळी भिंतीकडे बघत पडलेला माणूस त्या तासाभरात जागा व्हायचा.

पाच महिने मशीनने चोख काम केलं. मग एका सोमवारी मध्येच थांबलं. दिवे लुकलुकायला लागले, आत अर्ध्या काचेपर्यंत गढूळ पाणी आणि त्यात दोन चादरी. दार उघडेना. मी बटणं दाबून पाहिली, प्लग काढून परत लावला. खोलीतून सासरे म्हणाले, "पंप."

मला वाटलं, टाकीत पाणी चढवायचं राहिलंय याची आठवण करताहेत. मी जाऊन विहिरीवरचा पंप सुरू केला. ते चिडले, डावा हात खाटेवर आपटला, पुन्हा म्हणाले, "पंप!" मी म्हटलं, "लावलाय, बाबा." त्यांनी डोळे मिटून घेतले.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत फार गोड बोलली. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल म्हणाली. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर निरोप आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार. मी न्हाणीत जाऊन बघितलं. खरंच बघितलं, कोण जाणे मी कामावर असताना कोणी येऊन गेलं असेल! चादरी तिथेच होत्या.

पुन्हा फोन केला, पुन्हा तेच गोड बोलणं आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच निरोप. यावेळी कारणही दिलं होतं: ग्राहक घरी नव्हता. आमचं घर कधीच रिकामं नसतं. अंथरुणावरचा माणूस कुठे जाणार?

मग एक दिवस रजा टाकून नवऱ्याच्याच बसने पणजीला गेले. दुकानातल्या ज्या विक्रेत्याने आम्हाला मशीनचे सोळा गुण समजावून सांगितले होते, तो मला बघून हसला. तक्रार ऐकल्यावर त्याचं हसू आटलं.

"मॅडम, आम्ही फक्त विकतो. सर्व्हिस कंपनीची."

"तुम्ही तेव्हा म्हणालात, दोन वर्षं काळजी नको."

"काळजी कंपनीने घ्यायची ना, मॅडम."

मी तिथेच खुर्चीवर बसले. म्हटलं, मी इथून जाणार नाही, कंपनीला माझ्यासमोर फोन लावा. टीव्ही बघायला आलेलं एक जोडपं माझ्याकडे बघायला लागलं. मी त्यांनाही चादरींची गोष्ट सांगितली, अगदी वासासकट. पंधरा मिनिटांत विक्रेत्याने फोन लावला आणि अकराव्या दिवशी आमच्या अंगणात मोटारसायकल थांबली.

आलेला मेकॅनिक चाळिशी ओलांडलेला, मिशीत पांढरे केस, मूळचा दोडामार्गकडचा. पाठीवरची बॅग उतरवत म्हणाला, "वयनी, माका काल सांगल्यानी. मी काल पयल्यांदाच तुमचा नाव ऐकलंय." म्हणजे आधीच्या दोन्ही वेळी कोणाला पाठवलंच नव्हतं.

त्याने खालचं झाकण काढून पाणी बालदीत घेतलं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवशी घरी असलेल्या नवऱ्याने खिडकीचं जनेल उघडलं आणि तो बाहेर निघून गेला. चादरी हिरवट काळ्या पडल्या होत्या, त्या मी सरळ मागे नेऊन जाळल्या. परत आले तर मेकॅनिक मशीन आडवं करून मीटर लावून बसला होता. खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "पंप."

मेकॅनिक थबकला. "कोण बोलता?"

"सासरे. खाणीवर फिटर होते."

तो उठून दारात गेला, खाटेवरच्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर सांगलास, बाबा. पाणी भायर काढूचो पंपच गेलो हा. मोटर जळली."

सासऱ्यांच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली. अकरा दिवस तो माणूस आम्हाला सांगत होता आणि मी विहिरीवरचा पंप लावत होते.

मला वाटलं, संपलं. पंप बदलायचा, वॉरंटी आहेच. मेकॅनिकने ऑफिसला फोन केला. तो बोलता बोलता अंगणात गेला, आवाज खाली आणला, आणि आत आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

"वयनी, वॉरंटीत बसाचा नाय म्हणतत. व्होल्टेजमुळे जळला म्हणून लिवाचा. पार्ट तुमका विकत घेवचो लागतलो."

"तुम्ही व्होल्टेज मोजलंत?"

"मोजलंय. दोनशे अठ्ठावीस."

"बरं आहे की वाईट?"

"चांगला आसा," तो म्हणाला. मग खिशातून मोबाईल काढला. "तुमच्या फोनवर चार आकडे इलेत. तेवढे सांगा, म्हणजे माझो आजचो कॉल बंद जातलो."

मी फोन बघितला. चार आकडे होते. त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं की सेवेने तुम्ही समाधानी असाल तरच हा हॅपी कोड आमच्या माणसाला द्या.

"मी समाधानी नाही," मी म्हटलं.

"ता नुसता नाव आसा, वयनी. सगळेच देतत."

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी का अडले ते कळणार नाही. कारखान्यात मी शेवटच्या टेबलावर असते. गोळ्यांच्या पट्ट्या माझ्यासमोरून जातात. एखादा कप्पा रिकामा, एखाद्या पट्टीवरची तारीख पुसट, की ती मी बाजूला काढते. कागदावर माझी सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. एकदा गाडी उभी होती, वरचे साहेब घामाघूम, सगळे म्हणत होते सही कर, एवढ्या तेवढ्याने काय होतं. मी केली नव्हती. ती औषधं कुठल्यातरी घरात, बाबांसारख्याच कोणाच्या तरी खाटेजवळ जाणार होती. बारावी शिकलेली बाई मी, पण माझ्या सहीला अर्थ आहे, एवढं त्या टेबलाने मला शिकवलं. हे चार आकडे म्हणजे माझी सहीच होती. ती खोट्या कागदावर कशी करणार?

"नाही देणार," मी म्हटलं.

मेकॅनिक बसकण मारून बसला. "कॉल उघडो रवलो तर माझो इन्सेंटिव्ह कापतत. तीन उघडे रवले तर घराक पाठवतत. माझी चूक नाय, वयनी. तुमचीय नाय. मग शिक्षा माका कित्याक?"

नवरा दारातून म्हणाला, "देऊन टाक गो. गरीब माणूस तो. आपण पंप विकत घेऊ आणि विषय संपवू."

खरं सांगते, मी देणारच होते. आकडे जिभेवर आले होते. मी चहा ठेवायला आत गेले, कारण मला थोडा वेळ हवा होता. चहा उकळेपर्यंत विचार केला. कंपनीने मोठ्या हुशारीने स्वतःच्या आणि माझ्यामध्ये हा माणूस उभा केला होता. मी रागावणार ती त्याच्यावर, मला दया येणार तीही त्याचीच, आणि कंपनीला यातलं काहीच लागणार नव्हतं.

चहा दिला आणि म्हटलं, "भाऊ, कोड मी देणार नाही. पण तुमचं नुकसानही मला नको. तुम्ही एवढंच करा. आज जे बघितलंत, मोजलंत, तेच तुमच्या हाताने जॉबशीटवर लिहा. ऑफिसने काय सांगितलं ते लिहू नका. पंपाची मोटर जळली, व्होल्टेज इतकं, आधीच्या दोन तारखांना कोणी आलं नव्हतं. खाली सही करा आणि एक प्रत मला द्या. कोड का मिळाला नाही तेही लिहा, माझ्या नावावर लिहा."

त्याने चहा संपवला. कप खाली ठेवला. सासऱ्यांच्या खोलीकडे एकदा बघितलं. मग पेन काढलं आणि वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. सही करताना एवढंच म्हणाला, "माका म्हायत आसा, ह्या माका भोवतला." आणि मोटारसायकल सुरू करून गेला.

त्यानंतर फोन सुरू झाले. कोड द्या. कोड दिल्याशिवाय पुढची तक्रार नोंदवता येत नाही. कोड दिलात तर पंपावर सूट देऊ. एकदा तर एक साहेब चढ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, सिस्टममध्ये तुमची केस अडकून पडली आहे."

"माझ्या चादरी अडकल्या होत्या तेव्हा तुम्हाला घाई नव्हती," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मशीन बंद पडलेलं, मी पुन्हा विहिरीवर. नवऱ्याची कुरकुर चालूच. "एवढ्याशा पंपासाठी किती ताणशील?" मी त्याला म्हटलं, "तुमच्या बसचा ब्रेक लागत नसेल आणि मालक म्हणाला ब्रेक चांगला आहे म्हणून सही करा, तर कराल?" दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून चादरी पिळायला यायला लागला. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

पुढच्या रजेच्या दिवशी मी जॉबशीटची प्रत, बिल आणि 'निवारण झालं'चे दोन्ही निरोप छापून घेऊन ग्राहक आयोगाच्या कार्यालयात गेले. कारकुनाने विचारलं, "वकील कोण?" म्हटलं, "मीच." त्याने चष्म्यावरून बघितलं, पण अर्जाचा नमुना हातात दिला आणि कुठे काय लिहायचं ते न कंटाळता सांगितलं. कंपनीला नोटीस गेली.

नोटीस पोचल्यावर मात्र फार दिवस लागले नाहीत. एका सकाळी टेम्पोतून नवं कोरं मशीन आलं आणि सोबत इस्त्रीचे शर्ट घातलेली कंपनीची दोन माणसं. मशीन बसवलं, मग एकाने कागद पुढे केला. इंग्रजीत होता. मी सावकाश वाचला. ग्राहक पूर्ण समाधानी आहे आणि तक्रार मागे घेत आहे, असं त्यात होतं.

"आधी धुऊन बघू," मी म्हटलं.

"मॅडम, नवीन आहे."

"तेही नवीनच होतं."

त्या दिवशीच्या दोन चादरी मी त्यांच्या डोळ्यांदेखत आत टाकल्या आणि सबंध फेरी लावली. दीड तास. दोघे पडवीत बसून राहिले, मोबाईल बघत, डास मारत. मी चहा दिला, बिस्किटंही दिली. पाणी बाहेर पडायला लागलं तसे सासरे ऐकत होते, आणि मशीन थांबलं तेव्हा त्यांनी डावा अंगठा वर केला. त्यांची पावती मिळाल्यावर मी ते चार आकडे सांगितले. काम झालं होतं, मग कोड अडवण्यात अर्थ नव्हता.

कागदावर मात्र समाधानाची ओळ खोडली, तक्रार मागे घेत असल्याचीही खोडली, आणि खाली मराठीत लिहिलं: नवीन मशीन मिळालं, ते चालतं. दोनदा खोटा निरोप पाठवल्याबद्दल कंपनीने लेखी माफी मागितलेली नाही.

"असं चालत नाही," एक म्हणाला.

"मग मशीन परत न्या."

त्यांनी अंगणात जाऊन कुणाशी तरी बराच वेळ फोनवर बोलून घेतलं. शेवटी तोच कागद घडी करून घेऊन गेले. तक्रार मी चालूच ठेवली. तीन तारखांना गेले, तिन्ही रजा बिनपगारी. तिसऱ्या तारखेला कंपनीच्या वकिलाने माफीचं पत्र दिलं. चार ओळींचं, कोरडं. मला तेवढं पुरलं.

मेकॅनिकचं कळलं ते नंतर. एका रविवारी आम्ही हरमलला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. पर्यटकांच्या खोल्यांच्या एका इमारतीपाशी तो पाठमोरा दिसला, एसीचं बाहेरचं युनिट उघडून बसलेला. मी हाक मारली. त्याने वळून ओळखलं.

"काढलं का हो तुम्हाला?" मी लगेच विचारलं. कित्येक दिवस मनात डाचत होतं ते.

"बदली लांब केल्यानी. मग मीच सोडलंय," तो म्हणाला. आता तो स्वतःच्या जिवावर कामं घेतो. सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, पावसात हात रिकामे असतात. मुलीची फी थकली होती म्हणाला, सहज सांगावं तसं.

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे नाय." त्याने पान्हा पुसला. "पण उगाच बरा वाटाचा म्हणून खोटा सांगाचंय नाय. दोन म्हयने लय वायट गेले."

त्याने मला दोषातून पूर्ण मोकळं केलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. घरी येताना नवरा म्हणाला, तेव्हाच कोड दिला असतास तर. मी गाडीत बराच वेळ त्याचा विचार केला. त्या माणसाच्या दोन महिन्यांचं ओझं माझ्याकडे आहे, ते मी नाकारत नाही. पण पुन्हा तसा दिवस आला, पुन्हा कोणी माझ्याकडे खोट्यावर सही मागितली, तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. शेजारच्या दोघी-तिघींना मी त्याचा नंबर दिला आहे. काही बिघडलं की आम्ही त्यालाच बोलावतो.