तबिथाने मळताना घेतलेलं नाव

तुम्ही खोटं बोललात. दोन वर्षांपूर्वी, चर्चच्या पंच कमिटीच्या खुर्च्यांवर बसून, आधी प्रार्थना करून, मग खोटं बोललात. वर्गाची तक्रार करणारं निनावी पत्र आलंय, म्हणून दिनाबाईंचा नाताळच्या फराळाचा वर्ग बंद, असं तुम्ही सांगितलंत. ते पत्र आजतागायत कुणी पाहिलेलं नाही. पण वर्गात मदतीला मी एकटी, त्यात लिहायची खाज मला. सगळ्या मिशन कंपाउंडनं माझ्याकडे बोट केलं. दिनाबाईंनीही. पुढच्या पावसाळ्यात त्या वारल्या, आणि शेवटचे सहा महिने माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

परवाच्या रविवारी त्या आल्या.

उपासनेहून येऊन, जेवून मी आडवी झाले आहे. डिसेंबरचं ऊन पायांवर. डोळा लागतोय, लागत नाही. स्वयंपाकघरात परात सरकल्याचा आवाज येतो. घरात तर मी एकटीच.

"कोण आहे?"

"मैदा कुठं ठेवतेस गं, फिबी?"

जाऊन बघते. दिनाबाई पाटावर बसल्यात, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. मला आनंद वगैरे काही होत नाही. मी दाराशीच थांबते.

"बाई, तुम्ही खऱ्याच का?"

"मेलेल्या माणसाला काय विचारावं, काही रीत?"

"पंचांनी पाठवलंय तुम्हाला."

"जिवंतपणी चहाला बोलावलं नाही त्यांनी. आता निरोप देतील?"

तरी माझा विश्वास बसत नाही. "वर्गातला नियम सांगा मग."

"मळताना ज्याचा राग आलाय त्याचं नाव घ्यायचं. माफ केलं की कंगवा मिळेल. नाही जमलं तर मळत बस."

बरोबर आहे. बाई पोरांकडून वचनं घोकून घेत नसत. ‘आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा कर’ ही प्रभूची प्रार्थना हातानं शिकवायची, म्हणायच्या. सगळ्या पोरांचा जीव कलकल या नाताळच्या गोड फराळावर. मैद्याची गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची, शिंपलीसारखी गुंडाळायची, तळायची. पण त्याआधी मळणं आणि माफ करणं. कंगव्याच्या घाईनं भावाबहिणींना फटाफट माफ करणारी पोरं असायची. बाई त्यांची गोळी चिमटीत ताणून बघायच्या. "अजून घट्ट आहे. खोटं बोलतोयस. मळ."

मी परातीत हात घालते, आणि परात चर्चच्या वेदीवर आहे. बाकांवर पोरं बसलीत, कोपरापर्यंत पिठात. पहिल्या बाकावर तुम्ही सगळे, पाठी आमच्याकडे. मधल्या बाकावर तबिथा. नऊ वर्षांची. (नाव बदललंय मी. तुम्हाला खरं ठाऊक आहे.)

"पप्पा," तबिथा म्हणते, त्या दिवशी म्हणाली होती तशीच. "दार लावून मारतात. मला माफ नाही करता येत, बाई."

"मग नको करूस," बाई म्हणतात. "मळ तू. मी बघते."

पहिल्या बाकावरची एक पाठ ताठ होते. तबिथाचा बाप तुमच्यातच बसतो.

"हे बाहेर कसं गेलं, फिबी?"

"मी पत्र लिहिलं नाही, बाई. शपथ."

"पत्राचं मी विचारलं का?"

हे ऐकल्यावर मात्र माझी खात्री पटते, त्या बाईच आहेत.

"वहीत लिहिलं मी," मी म्हणते. "प्रार्थनेच्या वहीत. प्रत्येक पोराची विनंती, नावासकट. वर्षाअखेर वही कमिटीकडे तपासायला द्यायची, आपला नियमच आहे. मी दिली. कव्हर घालून दिली."

"वाचल्याशिवाय ठेवतील असं वाटलं?"

"वाटलं, वाचतील आणि प्रार्थना करतील."

"केली की. वर्ग बंद करायच्या आधी."

त्या हसतात. मला हसू येत नाही. "वर्ग बंद झाला त्याच दिवशी मला कळलं होतं, वहीतूनच गेलं ते. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

"बरं. आता नाव घे."

"तुमचं. मला एकदा विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत."

"आणि मी तुझं घेते. हं, धर कंगवा."

"एवढ्यात? गोळी ताणून नाही बघितलीत?"

"बघितली," त्या म्हणतात, आणि माझा अंगठा कंगव्यावर धरून असा दाबतात की मी ओरडते.

ओरडते ती बेकरीत. नाताळाला कंपाउंडातली सगळी घरं केकचे डबे इथल्या भट्टीत लावतात, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. फळी रिकामी झालीय. एकच डबा उरलाय, चिठ्ठीवर तबिथाचं नाव, आतला केक काळा पडलेला.

"हिला न्यायला कोण आलं?" बाई विचारतात.

"मला नाही माहीत."

"तू काय करत होतीस?"

"मी सगळ्यांना सांगत होते, पत्र मी लिहिलं नाही म्हणून."

"दोन वर्षं?"

भट्टीची धग तोंडावर येते. डोळे उघडते तर ऊन पायांवरून चेहऱ्यावर आलंय. स्वयंपाकघरात परात जागच्या जागी, कोरडी. पण उजव्या अंगठ्यावर बारीक लाल रेघा आहेत, ओळीनं, सारख्या अंतरावर. घरात कंगवा नाही, मी केस ब्रशनं विंचरते. उशी साधी, चादर साधी. दिवे लागेपर्यंत रेघा गेल्या नाहीत. कुणाला भास वाटत असेल तर वाटो.

आता मला ते पत्र नको. असलं काय, नसलं काय. वही तुमच्या कपाटात आहे आणि तबिथाचं पान तुम्ही वाचलंय. वाचून तुम्ही एका म्हातारीला घरी बसवलंत. त्या लेकरानं माफ करता येत नाही म्हणून रडत सांगितलं होतं, ते वाचल्यावर तिच्या दारात तुमच्यातलं कोण गेलं? मी गेले नाही. हे मी माझं नाव घालून लिहिते आहे, फिबी भांबळ.

आता तुमची नावं सांगा. कोण गेलं?