तानुबाईच्या हातचा गुण

सोनगीरच्या तानुबाईच्या हाताला गुण होता, हे पटवायला गावात कुणाला साक्षीपुरावा लागत नसे. कपाशीत काम करताना पायात काटा मोडला की माणूस लंगडत थेट तिच्या ओट्यावर यायचा. ती बिब्बा सुईच्या टोकावर टोचून दिव्यावर धरायची आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागी टेकवायची. माणूस बोंबलायचा, तिला चार शिव्या हासडायचा अन् दुसऱ्या दिवशी खुशाल कामाला जायचा. मागे राहायचा तो चटक्याचा काळा डाग. निम्म्या गावाच्या टाचांवर तानुबाईची अशी सही होती.

म्हणूनच नवऱ्याच्या, झुलालच्या, टाचेवर काळा डाग दिसला तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. आपलाच जुना बिब्बा असेल, म्हणाली. डाग पसरला तसा तिने त्याच्यावर आणखी दोनदा बिब्बा दिला. त्यात वर्ष गेलं. डाग फुटून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात दोघं धुळ्याला गेली.

डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, कातडीचा कॅन्सर आहे. पाऊल काढलं तर जीव वाचायची आशा आहे.

"शेक दिधा तं नही जास का?" तानुबाईने भीतभीत विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. "आक्का, परदेशात तसे प्रयोग चालू आहेत. पण तो शेक मोजून देतात, कातडी न जाळता. त्याने गाठ कमजोर होते. मग रोग्याच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढून, बाहेर वाढवून, परत अंगात सोडतात. अजून ते कुणाच्याही हाती पक्कं आलेलं नाही. इथे तर नाहीच. आणि आपल्याला थांबायला वेळ नाही."

झुलालच्या कानात एवढ्यातला एकच शब्द शिरला. बाहेर बाकावर बसल्याबसल्या त्याने बायकोचा हात धरला. "शेकच लागस ना? मंग तू दे. तुना हातले गुण शे. पाय कापू देऊ नको."

डॉक्टरांपेक्षा त्याचा तानुबाईवर जास्त विश्वास होता, आणि तो विश्वासच त्याला खाणार होता. चाळीस वर्षं ज्या एका शब्दावर ती गावात मानाने जगली, तो शब्द तिने तिथेच टाकून दिला.

"माना हातले आते गुण नही ऱ्हायना," ती म्हणाली. "डाक्टर सांगतस तसं करा."

झुलाल तिच्याकडे बघतच राहिला. नवस फेडायला जावं आणि देवळात देवच नसावा, तसा. मग मान खाली घालून त्याने कागदावर अंगठा उठवला.

पाऊल गेलं, झुलाल राहिला. कुबडीवर नऊ वर्षं जगला. चौकात कुणी पायाचं विचारलं की सांगायचा, "बाईना हातना गुण गया, म्हनीसन माना पाय गया." ओट्यावर येणारं एकेक माणूस बंद झालं. शेजारणी घरात येऊन हळूच विचारायच्या, हे खरं का?

भाकरी थापता थापता तानुबाई म्हणायची, "खरं शे."